फौजी, कारागीर आणि घरचा कर्ता: माजी सैनिकाचं जीवनवृत्त कसं लिहावं

वडील, आजोबा किंवा सासरे गेल्यावर त्यांच्यावर काही लिहायचं ठरतं, तेव्हा बहुतेक घरांत एकच मजकूर तयार होतो: 'अत्यंत कष्टाळू, मनमिळाऊ, शिस्तप्रिय व देशभक्त व्यक्तिमत्त्व.' नाव बदललं की तोच मजकूर शेजारच्या घरातही चालतो.

माजी सैनिकांच्या बाबतीत आणखी एक चूक ठरलेली असते. समजा माणूस एकोणिसाव्या वर्षी भरती झाला, छत्तिसाव्या वर्षी पेन्शनवर आला आणि साठीपर्यंत लेथवर, गॅरेजात किंवा वायरिंगच्या कामावर राबला. फौज १७ वर्षं, धंदा २४ वर्षं. लेखात मात्र फौजेला दोन पानं आणि धंद्याला 'निवृत्तीनंतर त्यांनी खाजगी नोकरी केली' एवढं एक वाक्य. कारण उघड आहे. फौजेची नोंद सरकारकडे असते. धंद्याची नोंद कुणीच ठेवलेली नसते, ती आपल्याला शोधावी लागते आणि तेवढा धीर नसतो. हे टाळायचं असेल तर लिहायला बसण्याआधी बरंच काम करावं लागतं. ते कोणत्या क्रमाने करायचं ते पुढे दिलं आहे.

ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांना सोयीसाठी 'नाना' म्हणू. नाना हयात असतील तर फारच चांगलं. मग वाट बघू नका, टप्पा ४ पासून सुरुवात करा आणि कागद नंतर काढा.

टप्पा १: काय लिहायचं आणि कधीपर्यंत

तेराव्याला वाटायची घडीपत्रिका आणि वर्षश्राद्धाची स्मरणिका ही दोन वेगळी कामं आहेत. घरात माणसं येत-जात असताना, कुणाचंच डोकं ठिकाणावर नसताना चाळीस वर्षांचा हिशेब लागत नाही. तेराव्यासाठी अर्धं पान पुरे: पूर्ण नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा, पलटण, धंदा, घरातली माणसं. त्यातही खात्री नसलेली गोष्ट लिहू नका, कारण त्या पत्रिकेतली चूक पुढे प्रत्येकजण खरी मानून उतरवतो. सविस्तर लेख वर्षश्राद्धावर ठेवा.

लिहिणारा एकच असावा. माहिती दहा जणांनी द्यावी, पण लेखणी एकाच्या हाती. शेवटचा होकार कुणाचा, हेही आधीच ठरवा. आई, म्हणजे नानांची पत्नी, असेल तर आईचा.

*सावधान:* मृत्यूची नोंद, बँकेला आणि पेन्शन खात्याला कळवणं, आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज ही कामं आधी. त्यांनाच पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक (सेवेतून मुक्त होताना मिळालेलं नोंदपुस्तक) आणि मृत्यूचा दाखला लागतो. लेखासाठी मूळ कागद कुणी घेऊन गेला आणि आईचा अर्ज अडला, असं होऊ देऊ नका.

टप्पा २: कागद गोळा करा, याच क्रमाने

*पहिली ट्रंक.* जवळजवळ प्रत्येक फौजीच्या घरात एक काळी पत्र्याची ट्रंक असते, वर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव, पलटण. उघडण्याआधी तिचाच फोटो काढा. जुन्या नंबरावर नवा रंग दिलेला असेल तर तिरप्या उजेडात खालची अक्षरं दिसतात, आणि जुनी पलटण किंवा जुनी रँक कधीकधी तिथेच सापडते.

*दुसरं डिस्चार्ज बुक.* जवान आणि जेसीओंसाठी (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) हा कणा आहे. त्यातून एवढं उतरवून घ्या: भरतीची तारीख आणि ठिकाण, सेवेतून मुक्त झाल्याची तारीख, एकूण सेवा, मुक्त होण्याचं कारण, शेवटची रँक, ट्रेड (फौजेतलं ठरलेलं काम), केलेले कोर्स, मिळालेली पदकं, कुटुंबाचा तपशील. त्यात वर्तणुकीचा शेरा असतो. 'एक्झम्प्लरी' हा शेरा वाचून पुष्कळ घरांत 'नानांना सैन्यात विशेष सन्मान मिळाला' असं लिहिलं जातं. तो वर्तणुकीचा दर्जा आहे, पदक नव्हे.

*तिसरी पदकं.* पदकाची कड भिंगातून बघा. तिथे बहुधा नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं. नाव दुसऱ्याचं निघालं तर ते आजोबांचं, भावाचं किंवा सोबत्याचं असू शकतं. वाचून फोटो काढेपर्यंत ब्रासो लावू नका. घासून घासून कडेवरची अक्षरं पुसट होतात.

*चौथी पत्रं.* 'मार्फत ५६ एपीओ' किंवा 'मार्फत ९९ एपीओ' (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) हा पत्ता म्हणजे ठिकाण नव्हे, हे लक्षात ठेवा. फौज कुठे आहे ते कळू नये म्हणूनच तो पत्ता असतो. ढोबळमानाने ५६ चं टपाल दिल्लीच्या तळ-टपाल कार्यालयातून जातं आणि ९९ चं कोलकात्याच्या, म्हणजे ९९ असेल तर नाना तेव्हा पूर्वेकडे होते असा अंदाज बांधता येतो. नेमकं गाव मात्र पत्राच्या मजकुरात शोधा: थंडी, नदी, रजेला लागलेले दिवस, उतरायचं स्टेशन.

*पाचवे धंद्याचे कागद.* हे ट्रंकेत नसतात. आयटीआयचं प्रमाणपत्र, शिकाऊ उमेदवारीचा दाखला, नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफची स्लिप, ईएसआयचं कार्ड, कारखान्याचा गेटपास, युनियनची पावती, तारतंत्रीचा परवाना, स्वतःचं दुकान असेल तर शॉप ॲक्टचा परवाना आणि बिलबुकं. यातलं बरंचसं देवघराच्या कपाटात, एलआयसीच्या फाइलीत किंवा हत्यारांच्या पेटीच्या तळाशी असतं. बिलबुकाचं महत्त्व कुणाला वाटत नाही, आणि घर आवरताना पहिलं तेच रद्दीत जातं. आजच बाजूला काढा.

*सहावे घरचे कागद.* शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका, जुनं रेशनकार्ड, घराच्या किंवा विहिरीच्या कर्जाचं पासबुक.

*सावधान:* कुठलाही जुना कागद लॅमिनेट करू नका. एकदा चिकटलेलं प्लास्टिक निघत नाही. मूळ कागदावर पेनाने खूण करू नका, फोटोमागे लिहायचं तर शिसपेन्सिलने, हलक्या हाताने. स्कॅन करताना पासपोर्टएवढ्या छोट्या फोटोंना ६०० डीपीआय ठेवा, पोस्टकार्डाहून मोठ्यांना ३०० पुरतो. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा.

डिस्चार्ज बुक सापडलंच नाही तर

आधी पीपीओ बघा. त्यात रँक, सेवेचा काळ आणि रेकॉर्ड ऑफिस (सैनिकांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) कळतं. तेही नसेल तर तुमच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा. नानांनी तिथे नाव नोंदवलेलं असण्याची शक्यता चांगली असते, आणि पुढचा अर्ज कसा करायचा तेही तिथेच कळतं.

अर्ज नेमक्या रेकॉर्ड ऑफिसला गेला पाहिजे. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, सिग्नल्सचं (संदेशवहन दल) जबलपूरला, ईएमईचं (लष्कराची वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणारं दल) सिकंदराबादला. हवाई दलाचं रेकॉर्ड ऑफिस दिल्लीत सुब्रोतो पार्कला आहे, तर नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत कमोडोर ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. अर्जात नंबर, नाव, भरतीचं अंदाजे वर्ष आणि तुमचं नातं लिहा. नात्याचा पुरावा जोडा, नाहीतर दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून उत्तर मिळणार नाही.

पेन्शनसाठी जवानाची किमान १५ वर्षं सेवा लागते. त्याआधीच घरी आलेल्या, पेन्शन नसलेल्या सैनिकांची कागदपत्रं २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात. नाना त्यातले असतील तर रेकॉर्ड ऑफिसवर फार विसंबू नका. पत्रं, पदकं आणि सोबती हाच आधार.

टप्पा ३: तीन रकान्यांची कालरेषा

आता एक मोठा कागद घ्या. डावीकडे वर्षं, आणि पुढे तीन रकाने: फौज, धंदा, घर. ज्या नोंदीला कागदाचा पुरावा आहे ती शाईने, ऐकीव असेल ती पेन्सिलने. हा टप्पा गाळून थेट लिहायला बसलेले लेख ओळखू येतात. त्यांत मुलाचा जन्म आणि वडिलांची सीमेवरची नेमणूक एकमेकांना खोटं पाडत असतात.

रकाने शेजारी ठेवले की प्रश्न आपोआप उभे राहतात. थोरलीच्या बारशाला नाना कुठे होते? आजोबा वारले तेव्हा तार कुठे गेली, आणि नाना पोचले तेव्हा क्रिया उरकली होती का? फौजेचा रकाना मार्चमध्ये संपतो आणि धंद्याचा पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये सुरू होतो, मग मधले पंधरा महिने घर कशावर चाललं?

त्या शेवटच्या प्रश्नावर थांबा. पस्तिशी-चाळिशीत गणवेश उतरवून घरी आलेल्या माणसाला पहिलं वर्ष जड जातं. नोकरीसाठी खेटे, सिक्युरिटी गार्डच्या बाराबारा तासांच्या ड्युट्या, मेहुण्याच्या दुकानात बसणं, धंद्यात बुडालेली ग्रॅच्युइटी. घरचे हा काळ लेखातून वगळतात, कारण त्यात अभिमानाचं काही वाटत नाही. माझ्या मते संपूर्ण लेखातला सर्वांत वाचनीय परिच्छेद इथेच दडलेला असतो.

*तपासा, लढाई आणि तारखा:*

'नानांनी युद्धात भाग घेतला' हे वाक्य लिहिण्याआधी या तारखा भरतीच्या तारखेशी ताडून बघा. चीनचं युद्ध २० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर १९६२. पाकिस्तानशी १९६५ च्या लढाईतली शस्त्रसंधी २३ सप्टेंबरची. १९७१ चं युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं, ढाक्याची शरणागती १६ डिसेंबरची. सियाचीनची मोहीम १३ एप्रिल १९८४ पासून. श्रीलंकेत शांतिसेना जुलै १९८७ ते मार्च १९९०. कारगिलची मोहीम २६ जुलै १९९९ ला संपली. ऑक्टोबर १९७१ मध्ये भरती झालेला रंगरूट त्या डिसेंबरात प्रशिक्षण केंद्रावरच असणार. घरात कितीही वर्षं काहीही सांगितलं गेलेलं असो.

पदकांवरून निष्कर्ष काढताना तर जास्तच जपून. १९७१ साठी पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार हे त्या त्या आघाडीच्या क्षेत्रात असल्याची खूण आहेत. संग्राम पदक मात्र त्या काळात सेवेत असलेल्या फार मोठ्या वर्गाला मिळालं. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा पदक यांच्यात तसाच फरक आहे, कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय पदक यांच्यातही. १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असलेल्या सर्वांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं पदक मिळालं. ते शौर्यपदक नाही. सैन्य सेवा पदकाच्या फितीवर एक धातूची पट्टी असते आणि तिच्यावर क्षेत्राचं नाव असतं: जम्मू-काश्मीर, हिमालय, नेफा (आताचा अरुणाचल प्रदेश), मरुस्थल वगैरे. नाना कुठे कुठे होते याचा हा सर्वांत स्वस्त पुरावा, आणि तो बघितलाच जात नाही.

*तपासा, ट्रेड:* फौजेतल्या ट्रेडचा पुढच्या धंद्याशी संबंध आहे असं गृहीत धरू नका. ईएमईत व्हेइकल मेकॅनिक असलेल्या माणसाने गॅरेज काढलं, हे सरळ. पण पायदळात रायफल घेऊन फिरलेला माणूस वेल्डर झाला असेल, तर तो ते शिकला कुठे आणि कुणाकडे, हे शोधायचं काम बाकी आहे.

टप्पा ४: माणसांशी बोला, घरच्यांशी सर्वांत शेवटी

क्रम असा ठेवा: वयाने सर्वांत मोठे आधी, मग धंद्यातले सोबती आणि हाताखाली शिकलेली पोरं, मग पलटणीतले, मग आई, आणि शेवटी मुलं-सुना-जावई. मुलांना आधी विचारलं की सगळे एकमेकांचं ऐकून एकच गोष्ट सांगू लागतात. आईशी बोलताना दुसरं कुणी खोलीत नको, तुमचा मोठा भाऊसुद्धा नको. 'अगं, तसं नव्हतं ते' असं एकदा कुणी मध्येच म्हटलं की ती पुढचं सांगत नाही.

'नाना कसे होते?' हा प्रश्न विचारायचा नाही. त्याचं उत्तर 'फार चांगले होते' एवढंच येतं. त्याऐवजी:

- पहाटे उठल्यावर पहिलं काम काय करायचे?
- रजेवर आले की ट्रंकेतून काय काय निघायचं, आणि कुणासाठी?
- मनीऑर्डर कितीची यायची, आणि ती उशिरा आली तर घर कसं चालायचं?
- त्यांच्या हाताखाली असताना तुमची पहिली चूक कोणती, आणि ते काय म्हणाले?
- कोणतं काम त्यांनी पैसे मिळत असूनही नाकारलं?
- कुणाशी अबोला होता? कशावरून?

मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, पण विचारून. फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, फोन मऊ कापडावर. वयस्कर माणसाला पाऊण तासाहून जास्त बसवू नका, दुसऱ्या दिवशी परत जा. दुसऱ्या भेटीत पहिल्यापेक्षा जास्त मिळतं, कारण मधल्या रात्री त्यांना आठवत राहिलेलं असतं.

*सावधान:* लढाईबद्दल नाना हयात असताना बोलले नसतील, किंवा आता विचारल्यावर विषय बदलत असतील, तर उकरून काढू नका. आणि ती रिकामी जागा सिनेमातल्या प्रसंगांनी भरू नका. 'त्या महिन्यांबद्दल नाना घरात कधी बोलले नाहीत' हे वाक्य खरं आहे, तेच लिहा. 'कमांडो होते', 'ब्लॅक कॅट होते' असं कुणी सांगितलं तर डिस्चार्ज बुकात कोर्सची नोंद बघा. नसेल तर सोडून द्या, त्यावरून सांगणाऱ्याशी वाद घालायचं कारण नाही.

टप्पा ५: धंद्याची वर्षं

इथे सर्वांत जास्त वेळ घाला.

सुरुवात हत्यारांपासून. पेटी उघडा, प्रत्येक हत्यार फडक्यावर मांडा, फोटो काढा, आणि त्या धंद्यातल्या एका जाणत्या माणसाला शेजारी बसवा. जोडाऱ्याच्या पेटीत कानशी, व्हर्निअर, गुण्या निघेल. सुताराच्या पेटीत रंधा, पटाश्या, खतावणी (लाकडावर रेघ आखायचं हत्यार). गवंड्याकडे ओळंबा, थापी, सूत. वायरमनकडे टेस्टर, पक्कड, कदाचित जुना मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र). जाणत्या माणसाला विचारा: यातलं कोणतं हत्यार सर्वांत जास्त झिजलंय? कोणतं स्वतः बनवलंय? कोणत्याची मूठ बदललीय? झिजलेल्या कानशीवरून तो माणूस तुम्हाला दहा मिनिटं सांगेल, आणि त्या दहा मिनिटांतले शब्द हेच तुमच्या लेखाचे शब्द. ते जसेच्या तसे ठेवा. 'तांत्रिक क्षेत्रात कार्यरत होते' असं लिहून त्यांची इस्त्री करू नका.

मग कामं शोधा. कारागिराची कामं बऱ्याचदा अजून उभी असतात: देवळाचं ग्रिल, शाळेचं फाटक, कुणाच्या घराचा जिना, विहिरीवरची मोटार. बिलबुकातली चार-पाच गिऱ्हाइकं निवडा आणि जाऊन बघा. फोटो काढा आणि मालकाला विचारा, किती वर्षं झाली, दुरुस्ती लागली का, पैसे कसे दिले होते. बुडवलेले पैसे हाही इतिहास आहे, पण बुडवणाऱ्याचं नाव छापू नका.

कारखान्यातली नोकरी असेल तर एवढं तरी मिळवा: खातं कोणतं, मशीन कोणतं, पाळ्या कशा होत्या, तयार काय व्हायचं, पहिला पगार, संप किंवा टाळेबंदी झाली असेल तर त्या काळात घर कसं चाललं, व्हीआरएस घेतली का. 'अमुक कंपनीत २२ वर्षं सेवा' एवढ्याने काहीच कळत नाही. सेवा नेमकी काय केली?

नमुन्यादाखल दोन परिच्छेद बघा. पहिला नेहमीचा:

'सैन्यातून निवृत्त झाल्यानंतर नानांनी इलेक्ट्रिकलचा व्यवसाय सुरू केला व अल्पावधीतच आपल्या प्रामाणिकपणामुळे पंचक्रोशीत नाव कमावले.'

दुसरा माहिती गोळा केल्यावरचा:

'नाना पंपाच्या मोटारी रिवाइंड करत. जळालेली मोटार उघडली की आधी जुन्या तारेचे वेढे मोजायचे, गेज बघायचं, वहीत टिपायचं, आणि मगच तार कापायची. घाईत कुणी आधी तार कापली तर त्या दिवशी त्याला फक्त झाडू. वार्निश पूर्ण वाळल्याशिवाय मोटार दुकानाबाहेर जात नसे, मग शेतकरी दारात उभा राहून कितीही कावला तरी. त्या वह्या अजून आहेत.'

दुसऱ्यात 'प्रामाणिक' हा शब्द कुठेच नाही आणि त्याची गरजही नाही.

*सावधान:* शिस्तीचा प्रत्येक धागा फौजेला जोडू नका. 'सैन्यातली शिस्त त्यांनी दुकानातही जपली' हे वाक्य शंभरातल्या नव्वद लेखांत असतं. वेढे मोजायची सवय त्यांना ज्या उस्तादाने लावली तो कदाचित कधी गणवेशात नव्हताच. श्रेय त्याचं असेल तर त्यालाच द्या.

टप्पा ६: घर

इथे विशेषणांचा मोह सर्वांत जास्त. 'प्रेमळ पिता, आदर्श पती' हे लिहायचंच नाही असं ठरवून बसा आणि बघा काय सुचतं.

फौजीच्या घराची एक बाजू हमखास राहून जाते. नाना १७ वर्षं बाहेर होते, तेव्हा घर आईने चालवलं. पेरणी, आजारपणं, मुलांच्या शाळा, सासू-सासऱ्यांचं करणं. नानांचा लेख आईला एका ओळीत 'मोलाची साथ दिली' म्हणून संपवत असेल तर तो लेख अर्धाच आहे. तिच्या त्या वर्षांना एक स्वतंत्र परिच्छेद द्या.

नावांची यादी करताना लग्न झालेल्या मुली, त्यांची मुलं आणि न जगलेलं अपत्य यांच्याबद्दल आईला विचारा. मुलींची नावं गाळून फक्त जावयांची छापलेली पत्रिका मी पुष्कळदा पाहिली आहे.

दारू, भांडणं, कर्ज, भाऊबंदकी यांचं काय करायचं? माझा नियम साधा आहे. ज्या गोष्टीशिवाय नानांचा पुढचा निर्णय कळणारच नाही, ती एका वाक्यात, कुणाचं नाव न घेता. बाकीचं तुमच्या वहीत राहू दे. हयात माणसाला दुखावणारी गोष्ट त्याला वाचून दाखवल्याशिवाय छापू नका.

जन्मतारखेचा घोळ बहुतेक घरांत असतो: शाळेच्या दाखल्यावर एक, डिस्चार्ज बुकात दुसरी, आजी सांगते तिसरी. लेखात फक्त वर्ष लिहून मोकळे व्हा, तेही पटत नसेल तर 'कागदोपत्री' असा शब्द जोडा.

टप्पा ७: आता लिहा

पहिलं वाक्य जन्मगावाचं नको. कालरेषेवर बोट ठेवा, आणि जिथे एका रकान्यातून दुसऱ्यात उडी आहे तिथून सुरुवात करा. उदाहरणार्थ, पेन्शनवर आल्यानंतरचा पहिला सोमवार. तिथून मागे फौजेत जा, परत या, धंद्याकडे वळा. जन्म, शाळा, भरती हे मध्ये कुठेतरी दोन-तीन वाक्यांत बसतं.

जागेची वाटणी आधी ठरवा. दोन हजार शब्दांचा लेख असेल तर फौजेला पाचशे-सहाशेहून जास्त नको. नाना प्रत्यक्ष लढाईत असतील आणि त्याबद्दल सांगून गेले असतील तर हे प्रमाण बदला.

रँक लिहिताना 'निवृत्त' हा शब्द रँकच्या आधी न लावता नावानंतर कंसात लिहितात: 'सुभेदार', मग नाव, मग '(निवृत्त)'. माणूस निवृत्त होतो, रँक होत नाही, अशी त्यामागची धारणा आहे. रँकची नावं दलाप्रमाणे बदलतात. पायदळातला शिपाई तोफखान्यात गनर असतो, इंजिनिअर्समध्ये सॅपर, रणगाडा दलात सवार. पायदळातला हवालदार तिकडे दफेदार. मानद रँक मिळाली असेल तर 'मानद कॅप्टन' असंच लिहा, 'मानद' गाळू नका. पलटणीचा क्रमांकही हवाच. 'मराठा रेजिमेंटमध्ये होते' म्हणजे काहीच सांगितलं नाही. पहिली मराठा म्हणजे जंगी पलटण, दुसरी म्हणजे काली पाँचवीं, आणि त्या पलटणीच्या माणसाला हा फरक फार मोठा असतो.

जुन्या कागदावर 'नेफा' असेल तर 'नेफा' लिहा आणि एकदाच 'आताचा अरुणाचल प्रदेश' असं जोडा.

*सावधान, हे शब्द जपून:* आजाराने किंवा वयोमानाने गेलेल्या माजी सैनिकाला 'शहीद' किंवा 'वीरगती' म्हणू नका. त्यांच्या पत्नीला 'वीरपत्नी' म्हणू नका, तो शब्द लढाईत पती गमावलेल्या स्त्रियांचा आहे. 'शासकीय इतमामात अंत्यसंस्कार' हे फक्त तसं खरोखर झालं असेल तरच. पार्थिवावर राष्ट्रध्वज केवळ शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामातल्या अंत्यविधीतच घालता येतो. घरच्यांनी आपापला घातलेला ध्वज कायद्याने अवमान ठरतो, त्याचा फोटो छापणं तर दूरच. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर नानांचं नाव आहे असं कुणी सांगितलं तर लक्षात घ्या, तिथे युद्धात किंवा लष्करी मोहिमेत प्राण दिलेल्यांची नावं आहेत.

टप्पा ८: छापण्याआधीची चाळणी

लेख तिघांना वाचायला द्या: पलटणीतला एक, धंद्यातला एक, आणि आई. पहिल्याने फक्त फौज तपासायची, दुसऱ्याने फक्त काम. आईला वाचून दाखवा आणि तिच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. ती जिथे गप्प होते तिथे परत विचारा.

त्यानंतर हे तपासा:

- सर्व्हिस नंबर, पीपीओ नंबर, आधार, बँक खातं, डिस्चार्ज बुकाच्या पानांचे फोटो यातलं काहीही छापील प्रतीत किंवा व्हॉट्सॲपवर जाता कामा नये. पेन्शनरांच्या विधवांना फसवणाऱ्यांना एवढीच माहिती हवी असते. ट्रंकेचा आणि पदकांच्या कडेचा फोटो वापरायचा तर त्यावरचा नंबर झाका.
- ग्रुप फोटोखाली नावं डावीकडून उजवीकडे आहेत का? ओळखू न आलेल्याच्या जागी अंदाजाने नाव टाकलेलं नाही ना?
- सेवेत असताना काढलेल्या फोटोत ठाणं, शस्त्र किंवा यंत्रणा दिसत असेल तर तो घरच्या अल्बमातच ठेवा.
- पेन्सिलने लिहिलेली एखादी नोंद लेखात शाईची होऊन आलीय का? असेल तर 'घरात सांगत असत की' असं जोडा किंवा काढून टाका.
- आडनाव, गाव आणि मधलं नाव सगळीकडे एकसारखं आहे का? शुद्धिपत्र कुणी वाचत नाही.

छापून आल्यावर एक प्रत पलटणीतल्या सोबत्याला, एक ज्याने हत्यारं ओळखून दिली त्याला, एक गावच्या वाचनालयाला. ध्वनिमुद्रणं आणि स्कॅन दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ परत ट्रंकेत जाऊ देऊ नका. ते आईच्या हाताशी, वरच्या कप्प्यात, कारण हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो.